मुंगीच्या पावलाने येणारे आजार

(मंडळाच्या रौप्यमहोत्सवी वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज आपल्या मंडळाला पंचवीस वर्षे पूर्ण झाली. ह्या आनंदाच्या प्रसंगी मला चार शब्द बोलायला सांगितले, त्याबद्दल मी मंडळाची आभारी आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. व्याख्यान देण्याची सवय नाही. पण घरात दुखणेकऱ्याची सेवा करण्यात बरीच वर्षे गेली, आशाताईंबरोबर घरोघर फिरले, त्यांना आणि नर्सबाईंना विचारून विचारून काही गोष्टी समजून घेतल्या. त्याच आज आपल्यापुढे मांडणार आहे. विषय आहे ब्लडप्रेशर, साखर आणि हृदयविकार. सणाच्या दिवशी दुखण्याच्या गोष्टी कशाला, असे एखादीला वाटेल. पण वर्षातून एवढ्या जणी एका ठिकाणी पुन्हा कधी जमणार? म्हणून आजच बोलते.

आपल्या आजीच्या वेळी माणसे पटकी, देवी, प्लेग ह्यांनी जात. गावात साथ आली की लोक घरे सोडून शिवारात झोपड्या घालून राहत. ती संकटे लस, स्वच्छ पाणी आणि सरकारी खात्याच्या मेहनतीने हटली. देवीचा रोग १९८० साली सगळ्या जगातून गेल्याचे जाहीर झाले. पोलिओचा डोस पाजायला आपण आपली लेकरे कडेवर घेऊन बूथवर गेलो, आणि २०१४ साली आपला देश पोलिओमुक्त ठरला. हे काम नुसत्या डॉक्टरांनी केले नाही. दारोदार जाणाऱ्या बायकांनी आणि मुलाला घेऊन वेळेवर आलेल्या आयांनी केले. ही गोष्ट मी मुद्दाम सांगते, कारण पुढे तिचा उपयोग आहे.

आता मरणाची वाट बदलली आहे. आपल्या देशात १९९० साली शंभर मृत्यूंपैकी अडतीसच्या आसपास मृत्यू हृदयविकार, लकवा, मधुमेह, कर्करोग, दमा अशा न पसरणाऱ्या आजारांनी होत. २०१६ साली तो आकडा बासष्टच्या आसपास गेला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीप्रमाणे देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. आपल्या गल्लीतली घरे डोळ्यांपुढे आणा. साखरेची किंवा बीपीची गोळी नाही असे घर पटकन सापडणार नाही.

आपल्यात म्हण आहे, आजार हत्तीच्या पावलाने येतो आणि मुंगीच्या पावलाने जातो. पटकीला ती लागू होती. हे नवे आजार मात्र उलटे आहेत. ते मुंगीच्या पावलाने येतात. दहा दहा वर्षे घरात वावरतात आणि कोणाला चाहूल लागत नाही. मग एके दिवशी हत्तीच्या बळाने माणसाला खाली पाडतात.

हे कसे होते, ते आपल्या मलकापुरातल्या बाईला समजावून सांगणे सोपे आहे. आपले गाव मीटर लावून चोवीस तास पाणी देण्याबद्दल देशभर नावाजले गेले. नळाच्या पाण्याला दाब असतो, हे आपल्याला ठाऊक आहे. दाब बेताचा असला तर पाणी वरच्या मजल्यावर चढते आणि नळही टिकतो. दाब सदा जास्त राहिला तर सांधे झिजतात, वायसर जातात, आणि एखाद्या रात्री पाइप फुटतो. आपल्या अंगातल्या रक्तवाहिन्यांचे तसेच आहे. हृदय हा पंप. रक्ताचा दाब वरचा १४० किंवा खालचा ९० याच्या पुढे वरचेवर येऊ लागला, की त्याला वाढलेला रक्तदाब म्हणतात. वाहिन्यांच्या आतल्या बाजूला हळूहळू चरबीचा थर बसतो, जसा जुन्या पाइपात क्षार बसतो. तंबाखूने वाहिन्या आवळतात, साखरेने त्या आतून खराब होतात. हृदयाची वाहिनी तुंबली की हृदयविकाराचा झटका. मेंदूची तुंबली किंवा फुटली की लकवा. मूत्रपिंडे आणि डोळे हेही ह्याच दाबाने जातात. आणि एवढे होईपर्यंत बहुतेकांचे काहीही दुखत नाही. डोके दुखले तर बीपी असेल, नाही दुखले तर नसेल, ही समजूत चुकीची आहे. ते यंत्र दंडाला लावल्यावाचून कळत नाही.

आता माझ्या घरची हकीकत सांगते. माझ्या सासूबाई कष्टाळू बाई. शेतात माणसाबरोबर माणूस म्हणून काम केलेल्या. एका आरोग्य शिबिरात त्यांचे ब्लडप्रेशर पुष्कळ वाढलेले निघाले. गोळी सुरू झाली. तीन-चार महिन्यांनी तपासले तर आकडा अगदी ठीक. त्यांना वाटले, आजार गेला. शेजारच्या कोणी म्हातारीने सांगितले होते, ही गोळी एकदा लागली की जन्माची सुटत नाही. म्हणून त्यांनी कोणाला न सांगता गोळी बंद केली. पाकिटे महिन्याच्या महिन्याला घरात येत होती. ती पुढे देवघराच्या कोनाड्यात, कुंकवाच्या डब्यामागे, जशीच्या तशी सापडली. दीड वर्षाने एके पहाटे चूल पेटवायला उठल्या आणि उजवी बाजू गेली. वाचाही गेली.

त्यानंतर त्या तीन वर्षे अंथरुणावर होत्या. एवढे शेत सांभाळणाऱ्या बाईला पाणी हवे असले तर ताटली वाजवावी लागे. माझ्या धाकट्या जाऊबाई दुकानात नोकरी करीत होत्या, ती त्यांना सोडावी लागली. मंडळाच्या कामाला मी तीन वर्षे येऊ शकले नाही, हे जुन्या सभासदांना आठवत असेल. सासूबाईंची सेवा आम्ही मनापासून केली, त्याचे दुःख नाही. पण भगिनींनो, एक गोष्ट ध्यानात घ्या. घरात एका माणसाला लकवा झाला, की त्याच्याबरोबर आणखी एक-दोन बायकांचे आयुष्य त्या खाटेला बांधले जाते. पुरुषाला झाला तरी बायकोचे, बाईला झाला तरी सुनेचे किंवा लेकीचे. म्हणून हा विषय डॉक्टरांचा आहे तितकाच आपला आहे.

पाण्याचीच उपमा पुढे नेते. नळाला दाब कमी करणारी चावी बसवली आणि दाब उतरला, म्हणून आपण चावी काढून फेकून देतो का? दाब उतरला तो चावीमुळेच. गोळीचेही तेच आहे. आकडा ठीक आला ह्याचा अर्थ गोळी काम करते आहे. ती बंद करायची की कमी करायची, हे डॉक्टरांनी ठरवायचे. शेजारणीने नव्हे, आणि आपणही नव्हे.

ह्या बाबतीत आपल्या जिल्ह्यात झालेले काम पुष्कळ जणींना ठाऊक नाही. हृदयविकार, मधुमेह, कर्करोग आणि लकवा ह्यांना आळा घालण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम केंद्र सरकारने २०१० साली सुरू केला. पुढे २०१७ च्या नोव्हेंबरात आरोग्य मंत्रालय, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, राज्य सरकारे आणि जागतिक आरोग्य संघटना ह्यांनी मिळून खास ब्लडप्रेशरसाठी एक योजना काढली. तिच्या पहिल्या टप्प्यात पाच राज्यांतले थोडे जिल्हे निवडले. महाराष्ट्रातून चार घेतले: सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा. म्हणजे सबंध देशाला जो धडा पुढे गिरवायचा होता, तो गिरवणाऱ्या पहिल्या जिल्ह्यांत आपला सातारा होता.

त्या योजनेत नवे औषध शोधलेले नव्हते. पाच साध्या गोष्टी होत्या. पहिली, कोणत्या आकड्याला कोणती गोळी किती द्यायची, हे सगळ्या दवाखान्यांना एकसारखे लिहून दिले, म्हणजे डॉक्टर बदलला तरी औषध बदलत नाही. दुसरी, गोळ्यांचा साठा संपू द्यायचा नाही आणि रोग्याला निदान महिन्याभराची गोळी एकदम द्यायची. तिसरी, सगळे ओझे डॉक्टरांवर न टाकता बीपी मोजणे, समजावणे, आठवण करणे ही कामे नर्सबाई आणि आरोग्य सेविकांनी वाटून घ्यायची. चौथी, रोग्याला लांब हेलपाटा न घालता घराजवळच्या केंद्रात गोळी मिळावी. पाचवी, प्रत्येकाची नोंद ठेवायची, आणि जो आला नाही त्याला शोधायचे.

पाचवी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. नर्सबाईंनी मला समजावून सांगितले की देशातल्या पहिल्या सव्वीस जिल्ह्यांचा हिशोब केला तेव्हा नोंद झालेल्यांपैकी सुमारे निम्म्यांचा दाब ताब्यात आला होता. आणि सुमारे चौथा हिस्सा लोक भेटीला आलेच नव्हते. गोळी फुकट, केंद्र जवळ, तरीही आले नाहीत. ह्या चौथ्या हिश्शात माझ्या सासूबाईंसारखी माणसे असतात. त्यांच्यापर्यंत पोहोचणे सरकारी माणसाला अवघड आहे. शेजारणीला सोपे आहे. ह्या योजनेला २०२२ साली संयुक्त राष्ट्रांचे पारितोषिक मिळाले. त्यात साताऱ्याच्या नर्सबाईंचा आणि आशाताईंचाही वाटा आहे असे मी समजते.

आपल्याकडे आशाताई येतात आणि तीस वर्षांवरील प्रत्येकाचा एक कागद भरतात. वय काय, तंबाखू-मिशरी लावता का, दारू घेता का, कमरेचा घेर किती, आईवडिलांना बीपी-साखर होती का, अंगमेहनत किती. त्या कागदाला पुष्कळ बायका कंटाळतात. कमरेला टेप लावू देत नाहीत, खोटे वय सांगतात. असे करू नका. त्या प्रश्नांवरून कोणाला आधी तपासायचे हे ठरते. महाराष्ट्र सरकारने २०२२ च्या नवरात्रात ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ ही मोहीम काढून अठरा वर्षांवरील स्त्रियांची तपासणी केली होती. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार विनामूल्य झाले आहेत. आपल्याला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, कराडात वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालय आहे, आणि आपल्या मलकापुरात कृष्णा रुग्णालयासारखे मोठे रुग्णालय आहे. ज्या गावाच्या दाराशी एवढ्या सोयी आहेत, तिथल्या बाईला आपला आकडा माहीत नसावा, हे बरे नव्हे.

पण बाई म्हणते, ‘मला काय धाड भरली आहे? हृदयविकार पुरुषांना होतो.’ हा समज घालवला पाहिजे. २०१९ ते २०२१ ह्या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यातल्या पंधरा वर्षांवरील स्त्रियांपैकी दर चार-पाच जणींमागे एकीचा रक्तदाब वाढलेला किंवा गोळीवर असलेला आढळला. पुरुषांचा आकडा जवळजवळ तेवढाच. पाळी जाईपर्यंत निसर्ग बाईला थोडे संरक्षण देतो. पाळी गेली की ते सुटते. शिवाय गरोदरपणात जिला बीपी किंवा साखर झाली होती, तिला पुढे हे आजार होण्याचा धोका अधिक. बाळ झाले, आकडा उतरला, म्हणून तिने तपासणी सोडू नये.

दुसरी म्हणते, ‘मी काटकी आहे, मला कसली साखर?’ ह्यावर पुण्यात फार मोलाचे काम झाले आहे. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. आपल्याकडची बाळे विलायतेतल्या बाळांपेक्षा वजनाने पुष्कळ कमी, पण वजनाच्या मानाने त्यांच्या अंगात चरबी अधिक आणि मांस कमी, असे त्यांना दिसले. अशी मुले मोठेपणी दिसायला सडसडीत असली तरी पोटाशी चरबी साठते आणि मधुमेह लवकर गाठतो. म्हणून आपल्याकडे वजनापेक्षा पोटाचा घेर पाहावा. बाईचा ऐंशी सेंटिमीटरच्या पुढे गेला की सावध व्हावे. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली. ज्या बायका गरोदरपणी हिरव्या पालेभाज्या, दूध आणि फळे वरचेवर खात होत्या, त्यांची बाळे अधिक भरलेली जन्मली. म्हणजे हृदयविकाराला आळा घालण्याचे काम साठाव्या वर्षी नव्हे, सुनेच्या ताटापासून सुरू होते. घरात सगळे जेवून झाल्यावर उरलेसुरले खाणारी सून जर पोटुशी असेल, तर आपण नातवाच्या पन्नाशीतल्या आजाराची सोय आजच करून ठेवतो. सासू झालेल्या माझ्या भगिनींनी हे मनावर घ्यावे.

आता स्वयंपाकघराकडे वळू. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. पाच ग्रॅम म्हणजे एक लहान चमचा, सपाट भरलेला. त्यात भाजीतले, आमटीतले, भाकरीच्या पिठातले, सगळे आले. आपण त्याहून पुष्कळ अधिक खातो. वर खर्डा, लोणचे, पापड, सांडगी मिरची. मोजायचे कसे? सोपी युक्ती सांगते. महिन्याला घरात किती मीठ येते ते पाहा. चार मोठ्या माणसांना महिन्याला सहाशे ग्रॅमच्या आत मीठ पुरले पाहिजे. दोन पुडे संपत असतील, तर हिशोब आपोआप कळेल. एकदम अळणी करू नका, घरचे ताट ढकलतील. दर आठवड्याला चिमूट चिमूट कमी करा. जिभेला महिन्या-दोन महिन्यांत सवय होते. लिंबू, चिंच, कोकम, लसूण, कोथिंबीर हात धरायला आहेतच. जेवताना ताटात मीठ वाढण्याची रीत तेवढी सोडा. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी ते कमी सोडियमचे मीठ मात्र डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये.

आता आपल्यालाच बोचेल असा प्रश्न. आपले मंडळ उभे राहिले ते पापड-लोणच्यांवर. त्याच पैशातून सतरंज्या आल्या, भांडी आली, मुलींना वह्या-पुस्तके दिली. आणि पापडात मीठ असतेच, वर पापडखारही सोडियमचाच. मग मी पापड बंद करा म्हणून सांगते आहे काय? नाही. कित्येक बहिणींच्या संसाराला त्याचा आधार आहे. पण ह्या अडचणीतून वाट काढलेल्या बायका जगात आहेत. त्यांची गोष्ट सांगते.

युरोपच्या उत्तरेला फिनलंड नावाचा देश आहे. त्याच्या पूर्वेकडच्या नॉर्थ कॅरेलिया जिल्ह्यात एके काळी हृदयविकाराने मरणारे पुरुष जगात सर्वांत अधिक होते. चाळिशी-पन्नाशीतली कर्ती माणसे जात. १९७१ साली तिथल्या लोकांनीच सरकारकडे अर्ज केला, आम्हांला वाचवा. १९७२ साली काम सुरू झाले. प्रमुख होते पेक्का पुस्का नावाचे तरुण डॉक्टर. तो मुलूख दूधदुभत्याचा. भाकरीला लोणी थापून, मांसात मीठ भरून खायची रीत. लोणी कमी करा म्हटले की शेतकरी चिडत, कारण पोट त्याच्यावर. डॉक्टरांनी मदत कोणाची घेतली? ‘मार्था’ नावाची गृहिणींची जुनी संघटना होती, म्हणजे आपल्यासारखे महिला मंडळच, तिची. त्या बायकांनी गावोगाव संध्याकाळी पंगती घातल्या. जुनेच पदार्थ, पण कमी मिठाचे, कमी चरबीचे, भाजी अधिक घातलेले, स्वतः रांधून वाढले. खाणाऱ्यांना कळले की चव जात नाही. पुढे शेतकऱ्यांनाही वाट काढून दिली. रानबोरांसारखी फळे लावली, तेलबिया घेतल्या. गावागावांत कोण कोलेस्टेरॉल अधिक उतरवतो ह्याच्या स्पर्धा झाल्या. चाळीस वर्षांत तिथल्या कर्त्या पुरुषांतले हृदयविकाराचे मृत्यू चार-पंचमांशाहून अधिक घटले.

म्हणून माझी सूचना अशी. पापड चालू द्या, पण तो सणाचा ठेवू, रोजच्या ताटातला नको. आणि त्याच्या जोडीला जवसाची, कारळ्याची, शेंगदाण्याची चटणी निम्म्या मिठात करून विकायला ठेवू. ह्या दिवाळीला पन्नास पाकिटे करून पाहू. खपली तर पुढच्या वर्षी दुप्पट करू. संसार सांभाळून आरोग्य सांभाळायचे असेल तर वाट अशीच पायापायाने काढावी लागेल.

तेलाचे थोडे. वनस्पती तूप घरात आणू नये, आणि भज्यांचे उरलेले तेल पुन्हा पुन्हा तापवू नये. त्यात वाहिन्यांना फार वाईट अशी चरबी असते. २०२२ पासून सरकारने तेला-तुपातल्या त्या चरबीवर शंभरात दोन भागांची मर्यादा घातली आहे. पण आपल्या कढईवर लक्ष आपणच ठेवायचे. साखरेचे सांगायचे तर आपला भाग उसाचा, उसावरच आपली घरे उभी राहिली. तरी दिवसाला पाच कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे, हे उसाचे ऋण फेडणे नव्हे. पाहुणीला विचारून साखर घालण्याची चाल आपण सुरू करू या. त्यात मानपान जात नाही.

आता मिशरी. हा शब्द काढला की खाली माना जातात, हे मला दिसते आहे. लाजू नका. आपल्या भागात आजीने तव्यावर तंबाखू भाजली, आईने लावली, लेकीने दात दुखतो म्हणून सुरू केली. ती दात घासण्याची पूड नाही. भाजलेली तंबाखूच आहे. तंबाखूचे विष हिरडीतून रक्तात जाते, हृदयाचे ठोके वाढतात, वाहिन्या आवळतात. तोंडाचा कर्करोग होतो तो वेगळाच. पोटुशी बाई लावत असेल तर बाळाचे वजन कमी भरते, आणि वर सांगितलेले रडगाणे तिथूनच सुरू होते. नवऱ्याला गुटखा सोड म्हणायचे, आणि आपण दिवसातून चार वेळा बोट भरायचे, तर मुले कोणाचे ऐकतील? सोडताना डोके दुखते, चिडचिड होते, पोट साफ होत नाही. हे दोन-चार आठवडे चालते, मग उतरते. चाराची तीन, तिनाची दोन असे करत एक दिवस ठरवून डबी बाहेर टाका. जोडीने सोडली तर अधिक टिकते. सरकारचा विनामूल्य फोन आहे, १८०० ११२ ३५६. त्यावर समजावून सांगणारी माणसे असतात.

चालण्याबद्दल दोन वाक्ये. ‘दिवसभर पायाला भिंगरी असते, आणखी काय चालू?’ असे आपण म्हणतो. पण जाते गेले, विहिरीचे पाणी शेंदणे गेले, पाट्यावर वाटणे गेले. ओट्यापासून गॅसपर्यंतच्या फेऱ्यांनी छातीचा पंप जोरात चालत नाही. आठवड्याला दीडशे मिनिटे, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास, बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही अशा वेगाने चालावे. आगाशिवच्या पायथ्याचा रस्ता आपल्याला मोकळा आहे. चौघी मिळून गेलो तर कोणी नावे ठेवणार नाही. ठेवली तर त्यांनाही बरोबर घेऊ.

आणि शेवटी एक गोष्ट, जिने जीव वाचतो. छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, ही खूण सगळ्यांना ठाऊक आहे. बायकांत पुष्कळदा नुसता दम लागतो, पाठ दुखते, मळमळते, गळून गेल्यासारखे वाटते. ती म्हणते पित्त झाले, सोडा पिते, आणि भाकऱ्या उरकून मग पडते. ह्यात हातची वेळ जाते. लकव्यात तोंड वाकडे होते, एक हात खाली पडतो, बोलणे अडखळते. गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. म्हणून चोळत बसू नका, लिंबू उतरवत बसू नका, मुलगा कामावरून येण्याची वाट पाहू नका. १०८ ला फोन लावा. ही गाडी आपल्या राज्यात २०१४ पासून आहे आणि तिला पैसे पडत नाहीत.

आता मंडळापुढे माझे चार ठराव ठेवते. एक, मंडळाच्या शिलकीतून दंडाला लावायचे बीपीचे एक चांगले यंत्र घ्यावे, आणि महिन्याच्या बैठकीला तीस वर्षांवरील प्रत्येकीचा आकडा वहीत लिहावा. मोजण्यापूर्वी पाच मिनिटे स्वस्थ बसायचे, अर्धा तास आधी चहा-मिशरी नाही, मोजताना बोलायचे नाही, आणि दोनदा मोजायचे. जास्त आला तर घाबरवायचे नाही, केंद्रात घेऊन जायचे. दोन, वर्षातून एकदा सगळ्यांनी साखर तपासून घ्यावी. तीन, ज्यांना गोळी आहे त्यांच्या दोघी-दोघींच्या जोड्या लावाव्यात. महिन्याची गोळी एकीने आणली की दुसरीला विचारायचे, ‘तुझी आणलीस का? घेतेस का?’ चार, येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लॅस्टिकची डबी न देता मिठाचा एक लहान मापी चमचा आणि बीपीची नोंद ठेवायचे कार्ड द्यावे.

यंत्राला किती पैसे लागतील ते मी दुकानात विचारून आले आहे. मंडळाच्या दोन महिन्यांच्या पापडाच्या नफ्यात ते बसते. खजिनदारबाईंनी आजच होकार दिला तर पहिला आकडा अध्यक्षाबाईंचा घेऊ, दुसरा माझा.